अंध माणूस वाचतो कसा, जगतो कसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत लोक मला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी पूर्ण अंध आहे, पण जन्मापासून नाही. रेटिनायटिस पिग्मेंटोजा नावाच्या डोळ्याच्या पडद्याच्या आजारात माझी नजर कडेकडून आत विझत आली. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग आजूबाजूचं, आणि बाविसाव्या वर्षी छापील पुस्तक हातातून गेलं. हल्ली मोठ्या वयात नजर गेलेल्यांना ब्रेल शिकवते. काही प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की उत्तरात कुठे कंटाळा डोकावला, तर तेवढा चालवून घ्या.

अंध, दृष्टिहीन, दिव्यांग, प्रज्ञाचक्षू… नेमकं म्हणायचं काय?

‘अंध’ म्हणा. साधा, सरळ, जुना शब्द आहे. सरकारी कागदांवर ‘दिव्यांग’ असतं, आणि ज्यांना थोडंफार दिसतं अशांनाही धरून बोलायचं असेल तर ‘दृष्टिबाधित’. ‘आंधळा’ हा शब्द वाईट नाही, पण तो बहुतेक वेळा शिवीसारखा फेकला जातो म्हणून टोचतो. आम्ही आपसात तुम्हाला ‘डोळस’ म्हणतो, त्यात कौतुक नसतं, फक्त वर्गवारी असते.

‘प्रज्ञाचक्षू’ मात्र माझ्यासाठी नको. तो शब्द गुलाबराव महाराजांना शोभतो. १८८१ मध्ये विदर्भात जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेलेली, जेमतेम ३४ वर्षांचं आयुष्य आणि त्यात शंभरावर ग्रंथ. दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं आणि तोंडी सांगून लिहवून घ्यायचं, असं त्यांचं काम चाले. आजच्या भाषेत त्यांना रीडरही होते आणि रायटरही. मला कुणी प्रज्ञाचक्षू म्हटलं की वाटतं, आता हे हात पुढे करून भविष्य विचारणार.

तुमच्यासमोर ‘बघा’ असं म्हटलं तर वाईट वाटतं का?

नाही. एकदा एका शेजारणीने मला आमटी दिली आणि म्हणाली, “चव ब… म्हणजे, घेऊन सांगा.” बिचारीने ‘बघ’ गिळला. मराठीत आपण चव बघतो, वाट बघतो, वास घेऊन बघतो, विचारून बघतो, ताप आहे का ते हात लावून बघतो. बघण्याचं काम या भाषेने कधी एकट्या डोळ्यांवर सोडलेलंच नाही. मी मालिका ‘बघते’, मैत्रिणीला ‘बऱ्याच दिवसांनी दिसलीस’ असंही म्हणते.

अंध म्हणजे सगळा काळोखच ना?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. कुणाला उजेड-अंधार कळतो, कुणाला समोर कोणी उभं आहे एवढी सावली कळते, कुणाला नळीतून पाहिल्यासारखं मधलंच दिसतं, कुणाला मधलं सोडून कडेचं. म्हणून पांढरी काठी हातात असलेला माणूस मोबाईलचा पडदा नाकाशी धरून वाचताना दिसला तर तो ढोंगी ठरत नाही. गाडीत अशा मुलांवर ओरडणारे लोक मी ऐकले आहेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात व्याख्या दिली आहे. चष्मा वगैरे सगळं करूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल, किंवा दृष्टीचा आवाका १० अंशांपेक्षा कमी असेल, तर ते अंधत्व. ३/६० याचा अर्थ, निरोगी डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरून दिसणं. त्याच्या वरची एक पायरी म्हणजे अल्पदृष्टी. २०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांवर माणसांची नोंद ‘पाहण्यातलं अपंगत्व’ या रकान्यात झाली होती.

आणि जे पूर्ण अंध आहेत, त्यांनाही ‘काळं’ दिसत नाही. तुम्हाला तुमच्या पाठीमागे काय दिसतं? काळं नाही, काहीच नाही. तसंच.

स्वप्नं दिसतात का?

मला दिसतात, रंगीत. फक्त त्यातल्या माणसांची वयं वाढत नाहीत. माझा भाचा मात्र स्वप्नात निव्वळ आवाज आणि तेलकट केस असतो, कारण त्याचा चेहरा मी पाहिलेलाच नाही. जन्मापासून अंध असलेल्यांच्या स्वप्नात चित्रं नसतात. आवाज, स्पर्श, वास, जिना उतरण्याची भीती हे सगळं असतं.

ब्रेल ही वेगळी भाषा आहे का?

नाही, लिपी आहे. मराठीही ब्रेलमध्ये लिहिता येते आणि फ्रेंचही.

लुई ब्रेलचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा, पॅरिसजवळच्या कूव्रे गावातला. वडील घोड्यांचे खोगीर करणारे. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यात आरीशी खेळताना एक डोळा गेला आणि संसर्गाने दुसराही. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत आला. तिथे पुस्तकं होती, पण ती डोळसांचीच अक्षरं कागदावर उठवून केलेली; एकेक अक्षर बोटाने चाचपत वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. मग शार्ल बार्बिये नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याने बारा टिंबांची एक पद्धत शाळेत आणली. तिच्यात एक चिन्ह बोटाच्या टोकाखाली मावत नसे. लुईने ती निम्म्यावर आणली, सहा टिंबांवर. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी. १८२९ मध्ये छापून आली आणि फ्रान्सने अधिकृत मानली ती १८५४ मध्ये, तो वारल्यानंतर दोन वर्षांनी. आता त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथियनमध्ये, म्हणजे थोर फ्रेंच माणसांच्या समाधिस्थळी, आहेत. हात तेवढे कूव्रेच्या लोकांनी गावातच ठेवून घेतले. मला हे गाव आवडतं.

घर एकच: दोन उभ्या रांगा, प्रत्येकी तीन टिंबं. डावीकडची वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडची ४, ५, ६. यातली कुठली उठवायची आणि कुठली सपाट ठेवायची, यातून ६३ चिन्हं होतात. संपूर्ण लिपी एवढीच आहे.

मग मराठीची बाराखडी त्यात बसते कशी?

हा माझा आवडता प्रश्न आहे, फारसा कुणी विचारत नाही.

आधी भारतात वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या ब्रेल पद्धती होत्या. १९५१ मध्ये सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ ठरली. ती आवाजावर चालते. मराठीतला ‘क’, तमिळमधला ‘क’ आणि बंगालीतला ‘क’ बोटाखाली एकच लागतो, टिंब १ आणि ३, आणि इंग्रजीतला ‘के’ही तोच. मला बंगाली कळत नाही, पण बंगाली ब्रेलचं पान मी मोठ्याने वाचून दाखवू शकते. हे किती डोळसांना जमेल?

‘कमळ’ घ्या. क म्हणजे १-३. म म्हणजे १-३-४. ळ म्हणजे ४-५-६, उजवी रांग पूर्ण. झालं, तीन घरांत कमळ. काना, मात्रा, वेलांटी यांची वेगळी चिन्हं नाहीत. व्यंजनानंतर सरळ तो स्वर लिहायचा. ‘पिशवी’ म्हणजे प, इ, श, व, ई. छापील मराठीत पहिली वेलांटी ‘प’च्या आधी काढतात आणि वाचतात मात्र नंतर. लहानपणी माझी यावर बाईंशी हुज्जत झाली होती. ब्रेलमध्ये ती भानगड नाही, जसं बोलता तसं क्रमाने लिहा. जोडाक्षरासाठी पाय मोडल्याची खूण आहे, टिंब ४, आणि ती व्यंजनाच्या आधी येते. म्हणजे ‘पक्का’ असा: प, पायमोड, क, क, आ. ‘सूर्य’मधला रफार कुणाच्या डोक्यावर उडी मारून बसत नाही. शिरोरेघही नाही.

आकड्यांसाठी आधी अंकचिन्ह द्यायचं, मग तीच अक्षरं आकडे होतात. आणि एक गंमत: ब्रेलमध्ये सहाच्या सहा टिंबं भरलेलं अक्षर कुठलं, तर ‘ढ’. वर्गात हे सांगितलं की नवे विद्यार्थी पहिल्यांदा हसतात.

ब्रेल लिहायचं कसं?

धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पाटीत जाड कागद अडकवायचा आणि टोकदार स्टायलसने टोचायचं. टिंबं कागदाच्या पलीकडे उठतात, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि अक्षरही उलटं. कागद काढून फिरवला की सुलटं. दुसरा मार्ग म्हणजे पर्किन्स ब्रेलर, सहा कळांचं टाइपरायटरसारखं यंत्र. त्यावर कळा एकदम दाबून पूर्ण अक्षर उठतं आणि लिहितालिहिता वाचता येतं. यंत्र दणकट आहे, वजनदार आहे, आणि रात्री अकरानंतर शेजारी दार वाजवतात.

गणितासाठी आपल्याकडच्या अंधशाळांत टेलर फ्रेम असते. अष्टकोनी भोकांची पाटी आणि तिच्यात खोचायचे लहान खिळे. खिळा कुठल्या कोनात बसवला यावर आकडा ठरतो. खिळे सांडले की अख्खा वर्ग गुडघ्यावर.

शिकायला किती दिवस लागतात?

चिन्हं पाठ व्हायला काही आठवडे पुरतात. बोटाला कळायला महिने लागतात. मी बाविसाव्या वर्षी सुरुवात केली तेव्हा पहिला आठवडाभर बोटाखाली नुसती रवाळ पोळी लागत होती. मग कुठेतरी ‘अ’ लागला, कारण ते एकच टिंब. मग द, ह आणि ज यांनी छळलं: तीन टिंबांची तीच खुर्ची, नुसती वेगवेगळ्या बाजूला फिरवलेली. पहिलं पूर्ण वाक्य वाचलं त्या दिवशी बोट दुखत होतं आणि वाक्य होतं ‘घरात मांजर आहे’. मांजराचा मला कधीच एवढा आनंद झाला नव्हता.

लहान मुलं भराभरा शिकतात. मोठ्यांनी निराश होऊ नये आणि दाबून वाचू नये. दाबलं की टिंबं बधिर लागतात. बोट हलकं, आडवं सरकतं ठेवायचं.

आता मोबाईल सगळं बोलून दाखवतो. मग ब्रेल कशाला?

कुणी हा प्रश्न विचारला की मी उलट विचारते: तुमच्या मुलीला वाचायला शिकवू नका, रेडिओ आहेच, असं म्हटलं तर चालेल?

ऐकणं आणि वाचणं एक नाही. मराठीत तर नाहीच. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा, ‘शिर’ म्हणजे डोकं आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. कानाला दोन्ही जवळपास सारखी. जी मुलं फक्त ऐकून शिकली, त्यांचं बोलणं उत्तम असतं, पाठांतर आपल्याला लाजवेल असं असतं, आणि संगणकावर चार ओळी टाइप केल्या की ऱ्हस्व-दीर्घाचा पार चिवडा. दोष त्यांचा नाही. त्या मुलांनी शब्द कधी पाहिलेलाच नाही, ना डोळ्याने ना बोटाने. शब्द कुठे तुटतो, स्वल्पविराम कुठे आहे, कवितेची ओळ कुठे मोडली आहे, हे ब्रेलच सांगतं. शिवाय कविता मला कुणाच्या आवाजात नको असते. माझ्या आवाजात, मनातल्या मनात, हवी असते.

हेही खरं की ब्रेलची पुस्तकं अवाढव्य असतात. हातात मावणाऱ्या कादंबरीचे चार-पाच जाडजूड खंड होतात, आणि पुस्तकांवर पुस्तकं रचली तर खालची टिंबं चेपतात. त्यावर उपाय आहे ब्रेल डिस्प्ले: एक लांबट पेटी, जिच्यावर पिना वरखाली होऊन ओळ उमटते आणि बटण दाबलं की पुढची. उपकरण उत्तम, किंमत अजूनही सामान्य घराला न पेलणारी. म्हणून मी दोन्ही वापरते. बातम्या कानाने, कविता आणि हिशेब बोटाने.

फोन नेमका चालवता कसा?

अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतं. बोट पडद्यावर फिरवलं की खाली काय आहे ते बोलतं, दोनदा टिचकी मारली की उघडतं. संगणकावर एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, आहे. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं, कारण तेव्हाचे विकतचे स्क्रीन रीडर संगणकाहून महाग पडायचे. आम्ही आवाजाचा वेग इतका ठेवतो की शेजारी बसलेल्याला वाटतं कॅसेट अडकली. मराठी आवाजही आहेत. ते ‘चाळ’ची ‘च्याळ’ करतात, पण सवय होते.

खरी अडचण यंत्रात नाही, समोरून येणाऱ्या मजकुरात आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी पीडीएफ डोळ्याला मराठी असते आणि आतून इंग्रजी अक्षरांची भेळ. स्क्रीन रीडर ती भेळच वाचून दाखवतो. स्कॅन करून टाकलेलं परिपत्रक म्हणजे आमच्यासाठी फोटो. आणि तुमचे सुप्रभात संदेश! दर सकाळी मला बारा वेळा ‘इमेज’ असं ऐकू येतं. त्यात गुलाब आहे, सुविचार आहे की कुणाच्या निधनाची बातमी, कळायला मार्ग नाही. चित्र पाठवा, खाली एक ओळ लिहा. युनिकोडमध्ये.

मोबाईलवरून खातं उघडताना ‘चेहरा चौकटीत आणा, पापण्यांची उघडझाप करा’ असं सांगतात. चौकट कुठे आहे? सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीची पद्धत अंधांना आणि ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्यांना जमेल अशी करायला सांगितलं.

पुस्तकं मिळतात कुठून?

पूर्वी वाचून दाखवणारा माणूस मिळाला तर मिळत. पुस्तक स्कॅन करून आपल्यापुरतं ब्रेल किंवा ध्वनी करून घेणं हाही पूर्वी कॉपीराइटचा भंग ठरू शकत होता. २०१२ मध्ये भारताने कायदा बदलला. २०१३ च्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश, २०१४ मध्ये. या करारामुळे वाचनीय स्वरूपातली पुस्तकं एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता येतात. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, त्यात अपंगत्वाचा दाखला देऊन सभासद होता येतं. मराठी पुस्तकं आहेत, पुरेशी नाहीत. मराठीत ब्रेल पाक्षिकही आहे: ‘स्पर्शज्ञान’, स्वागत थोरातांनी २००८ मध्ये सुरू केलेलं. अंकाच्या पानाला हात लावला की काही जण आधी वास घेतात. मीही घेते.

परीक्षेत तुमचा पेपर दुसराच लिहितो, मग मार्क कुणाचे?

उत्तर सांगणाऱ्याचे. रायटरला, म्हणजे लेखनिकाला, फक्त ऐकलेलं लिहायचं असतं. केंद्र सरकारच्या नियमांनुसार तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळतात, कारण सांगणं, लिहून घेणं आणि पुन्हा वाचून घेणं यात वेळ जातो. रायटर आयत्या वेळी आला नाही तर वर्षभराचा अभ्यास फाटकाशी उभा राहतो. माझ्या एका पेपरला आलेल्या मुलाचं अक्षर इतकं वाईट होतं की त्यालाच ते वाचता येईना. पास झाले, कशी ते तपासणाऱ्याला माहीत. कॉलेजच्या मुलांनी वर्षातून दोन पेपर लिहून दिले तरी मोठी मदत होते.

नोटा कशा ओळखता?

लांबीवरून आणि खुणांवरून. नव्या मालिकेत १००ची नोट १४२ मिलिमीटर, २००ची १४६ आणि ५००ची १५०. म्हणजे ४ मिलिमीटरचा फरक, तोही गर्दीत, रिक्षावाला घाई करत असताना. कडांवर उठावाच्या तिरक्या रेघा आहेत, १००वर चार आणि ५००वर पाच, पण नोट मळली की त्या मरतात. म्हणून घरातूनच घड्या घालून निघते: १०० उभी दुमडलेली, ५०० दोनदा, २०० वेगळ्या कप्प्यात. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ नावाचं ॲप २०२० पासून आहे, ते कॅमेऱ्याने नोट ओळखून बोलतं. यूपीआय आल्यापासून मात्र निम्मी कटकट गेली. सुटे नाहीत म्हणणाऱ्यांचीही.

बँकेत सही चालते का, की अंगठा?

सही. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना कळवलं आहे की अंध व्यक्ती कायद्याने करार करायला पात्र आहेत. चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर नाकारता येणार नाही. तरीही एका बँकेत मला “सोबत कोणी जबाबदार माणूस आणा” असं सांगितलं होतं. मी पगारदार शिक्षिका, आणि सोबत कोण होतं, तर माझा बेकार चुलतभाऊ. त्याची सही चालणार होती. तासाभराने व्यवस्थापकांनी ते पत्रक शोधून काढलं आणि चहा पाजला. सहीसाठी पुठ्ठ्याला आडवी खाच पाडून ठेवते. खाच रेघेवर ठेवली की सही रांगेत राहते.

स्वयंपाक कोण करतं?

मीच. तेल तापलं की नाही हे तुम्हीही मोहरीच्या तडतडण्यावरूनच ठरवता. भाताचं पाणी बोटाच्या पेराने मोजायचं, आमच्या आजीला दिसत होतं तरी ती तसंच मोजायची. दुधाच्या पातेल्यात तळाशी लहानशी जड ताटली टाकून ठेवायची, उकळी आली की ती खडखडते. पातेलं आधी ठेवायचं, गॅस नंतर पेटवायचा. कपात चहा ओतताना आवाज चढत जातो, काठाशी आला की कळतं. साखर आणि मीठ चिमटीत वेगळं लागतं. डब्यांना रबर बँड: एक म्हणजे जिरं, दोन म्हणजे मोहरी.

फक्त एक विनंती: पाहुणे म्हणून याल तेव्हा आवराआवर करू नका. प्रेमाने केलेल्या आवराआवरीनंतर मला हळद सापडायला तीन दिवस लागतात.

पांढऱ्या काठीचा उपयोग काय?

दोन उपयोग. मला पुढचं एक पाऊल कळतं आणि तुम्हाला मी कळते. काठी पुढे डावी-उजवी फिरवायची, पाय टाकायच्या जागेच्या एक पाऊल आधी. टोकाच्या आवाजावरून लादी, माती, लोखंडी झाकण ओळखू येतं. भिंत संपून मोकळा बोळ लागला तर आवाज पसरतो, तेही कळतं. कमरेवरचं मात्र काठीला कळत नाही: उघडी खिडकी, टेम्पोचा मागचा फळा, दुकानाची पाटी. माझ्या कपाळावरच्या दोन खुणा अशाच आहेत.

फलाटांवर आणि मेट्रोत जी पिवळी खडबडीत लादी असते, ती सजावट नाही. जपानमध्ये सेइची मियाके यांनी ती शोधली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवली. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल टेकाडं म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. आपल्याकडे एका फुटपाथवर ही लादी मला थेट विजेच्या खांबापर्यंत घेऊन गेली आणि खांबाच्या पलीकडे पुन्हा सुरू झाली. त्या पट्टीवर दुचाकी लावू नका, एवढं तरी करता येईल.

अंधांचे कान जास्त तीक्ष्ण असतात ना?

कान तेच, लक्ष जास्त. मेंदू रिकाम्या जागा पडून राहू देत नाही हे मात्र खरं. लहानपणापासून अंध असलेली माणसं ब्रेल वाचतात तेव्हा एरवी पाहण्यासाठी असलेला मेंदूचा भागही कामाला लागतो, असं १९९० च्या दशकातल्या संशोधनात दिसलं. म्हणून प्रत्येक अंध माणूस गातो असं नाही. मी गायले तर तुम्ही स्टेशन बदलाल.

कामं कुठली करता येतात?

बँक, शिक्षण, वकिली, टेलिफोन, फिजिओथेरपी, संगणक. सरकारी नोकऱ्यांत अपंगांना ४ टक्के आरक्षण आहे, त्यातलं १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांना. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील सहाव्या वर्षी दृष्टी गेल्यानंतर दादरच्या अंध मुलींच्या शाळेत शिकल्या आणि पुढे आयएएस झाल्या. त्यांचं नाव ऐकून प्रत्येक अंध मुलीला ‘तूही कलेक्टर हो’ म्हणायची पद्धत पडली आहे. तिला क्लार्क व्हायचं असेल तर होऊ द्या.

क्रिकेट खेळता म्हणे?

मी नाही, पण खेळतात. चेंडूत छर्रे असतात, खुळखुळतो. गोलंदाजी खालून हाताने, सरपटी. पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट धरतात. भारताच्या पुरुष संघाने २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये टी-२० विश्वचषक जिंकला. प्रेक्षकांनी चेंडू चालू असताना गप्प बसायचं असतं. भारतात यापेक्षा अवघड नियम नाही.

मी तुम्हाला डोळे दान करू का?

कल्याण लोकलमध्ये एका आजींनी मला हे मनापासून विचारलं होतं. मन भरून आलं, पण उपयोग नाही. नेत्रदानातून बदलता येतं ते फक्त बुबुळावरचं पारदर्शक पटल, म्हणजे कॉर्निया. माझा बिघाड मागच्या पडद्यात आहे. ज्यांचं पटल खराब झालं आहे त्यांना मात्र याने खरंच दिसतं, म्हणून दान करा. मृत्यूनंतर लगेच नेत्रपेढीला कळवायचं, कारण सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात; पापण्या मिटायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवायचं. चष्मा असलेले, मोतीबिंदू झालेलेही देऊ शकतात.

आणि हे जास्त महत्त्वाचं: भारतात अंधत्वाचं सगळ्यांत मोठं कारण मोतीबिंदू आहे, आणि तो शस्त्रक्रियेने बरा होतो. घरातली आजी ‘आता या वयात काय करायचंय बघून’ म्हणत असेल तर ऐकू नका, घेऊन जा. काचबिंदू वेगळा, तो बहुतेकदा दुखत नाही, सांगत नाही आणि गेलेली नजर परत देत नाही. घरात कुणाला असेल तर चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्या. मधुमेह असेल तर वर्षाला एकदा पडदा तपासा, चष्म्याचा नंबर बदललेला नसला तरी.

आमच्या घरात कुणाची नजर जात आहे. काय करू?

डॉक्टरांना दाखवून झाल्यावर, आणि त्यांनी ‘आता उपाय नाही’ म्हटल्यावर, लोक वैदू, नवस, मग दुसऱ्या शहरातले डॉक्टर असं करत पाच वर्षं घालवतात. आमच्याकडेही घालवली. ती पाच वर्षं मी काहीच शिकले नाही, कारण शिकणं म्हणजे हार मानणं असं घरात वाटत होतं. उपचार चालू ठेवा, पण त्याच आठवड्यात काठी आणि टॉकबॅकही सुरू करा. थोडं दिसत असतानाच शिकलेलं पुढे फार उपयोगी पडतं. अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र काढून ठेवा. आणि हातातलं काम काढून घेऊ नका. माझ्या आईने मला पहिल्यांदा पुन्हा कांदा चिरू दिला, तेव्हा ती स्वतः स्वयंपाकघराबाहेर जाऊन उभी राहिली, कारण तिला बघवत नव्हतं.

रस्त्यात अंध माणूस भेटला तर मदत कशी करावी?

आधी विचारा. न विचारता दंड धरून रस्ता ओलांडून देणाऱ्यांनी मला दोनदा नको त्या बाजूला नेऊन सोडलं आहे. तुमचा कोपर पुढे करा, मी धरीन आणि अर्धं पाऊल मागे चालेन. जिना आला तर ‘जिना’ एवढंच नको, वर की खाली ते सांगा. ‘तिकडे आहे’ हे वाक्य निरुपयोगी आहे, ‘डाव्या हाताला, दोन पावलांवर’ हे सोन्यासारखं. माझ्यासोबतच्या माणसाला ‘यांना साखर चालते का’ असं विचारू नका, मला विचारा.

लग्नात भेटलात तर ‘ओळख पाहू मी कोण’ हा खेळ खेळू नका. तीनशे माणसं, बँड वाजतोय, आणि तुम्ही मला शेवटचं भेटलात ते दहावीत. नाव सांगा. आणि निघताना ‘निघतो’ म्हणून निघा. गेल्या मे महिन्यात एका मावशींना मी माझ्या ब्रेलच्या वर्गाबद्दल सगळं सांगितलं, अगदी ‘ढ’पर्यंत, आणि मग वाढप्याने विचारलं, “ताई, ही खुर्ची रिकामी आहे, उचलू का?”